सुकडीच्या वर्षी जन्मलेली

खो-खोचं मैदान आखायला फक्की लागते आणि पाणी लागतं. फक्की शाळेत पोतंभर होती. पाणी त्या वर्षी नव्हतं. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं नाही तर मातीचा फुफाटा होतो, पोरी सूर मारतात तेव्हा कोपरं सोलून निघतात आणि फक्कीची रेघ पहिल्या डावातच उडून जाते. अहमदपुरात तेव्हा टँकरची हाक आली की निम्मा वर्ग घागरी घेऊन पळायचा. सरावाच्या वेळी मी विचारायची, "मंगल कुठं आहे?" तर उत्तर यायचं, "बाई, टँकर आलाय." यावर पी.टी.च्या बाईनं काय बोलावं?

मी मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं खेळ शिकवला. लोकांना वाटतं पी.टी. म्हणजे शिट्टी, कवायत आणि पंधरा ऑगस्टचं संचलन. खरं काम वेगळंच असतं. खरं काम निवडीचं. चाळीस पोरी जीव तोडून पळतात आणि त्यातल्या बाराजणींची नावं फळ्यावर लिहायची असतात. उरलेल्या अठ्ठावीसजणी तुमच्याकडे कशा बघतात, हे एकदा सोसायला शिकलात की या कामातलं बाकी सगळं सोपं आहे.

खो-खो पाहिलेला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन खांबांच्या मधे आठजणी रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघीतिघी आत येतात आणि बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी पळत राहतात. पाठलाग करणारी थकली की बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते आणि ती उठून पळते. पाठलाग करणाऱ्या नऊ असतात, पळणारी शेवटी एकटी उरते. मला कायम ती एकटी उरलेलीच आवडायची.

हा स्वभाव लहानपणापासूनचा. गावच्या जत्रेत कबड्डी असली की हरणाऱ्या बाजूला जाऊन मी टाळ्या पिटायची. भाऊ म्हणायचे, "हिला कळतच नाही कोण चांगलं खेळतंय." मला कळायचं. पण हरणाऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं की छातीत काहीतरी भरून यायचं, ते जिंकणाऱ्याच्या बाजूला कधी आलं नाही. पुढे नोकरीत हाच माझा नावलौकिक झाला. ज्या पोरीला कुणी घेत नाही तिला ही बाई घेते, असं म्हणायचे. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. किती गोड वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

आमचा जिल्हाही तेव्हा नवाच होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं होऊन थोडीच वर्षं झाली होती. विभागीय सामन्यांना गेलो की जुन्या जिल्ह्यांचे मास्तर विचारायचे, "लातूरलापण मुलींचा संघ असतो का?" लातुरात गेलो की तिथल्या शहरी शाळा आम्हाला विचारायच्या, "अहमदपूरहून एस.टी.नं आलात का?" म्हणजे आम्ही दोन्हीकडून उपरेच. जिल्हा झाला म्हणून लातूरकडे जाणारा रस्ता रुंद होत होता. त्याची खडी फोडायला धर्माबादच्या पलीकडून माणसं आली होती. गावाबाहेर रस्त्याकडेला त्यांची पालं पडली होती.

तिथंच मला नरसम्मा दिसली. मी सायकलवरून चालले होते. एक पोरगी शेळीमागे पळत होती. शेळीनं दिशा बदलली की पोरगी तिच्या आधी बदलायची. पायात काही नाही, खाली टोकदार खडी. मी सायकल थांबवून बघत राहिले. पाच-सहा वेळा तिनं शेळीला चकवलं आणि मग कान धरून आणलं.

तिचा बाप येल्लय्या हातोडा खाली ठेवून उठला. काळा, वाळलेला माणूस, पापण्यांवर दगडाची भुकटी. मी म्हणाले, "हिला शाळेत पाठवा."

"शाळेत?" तो हसला. "अम्मा, आमी आज हितं, उद्या कुठं. मागं गावाकडं गेल्ती दोन-तीन वर्सं. नाव लिहिती."

"खूप छान पळते."

"पळते की. शेळ्या राखते ना." मग तो थोडा वेळ पोरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पिल्लाला खायला घालता का शाळेत?"

मी म्हणाले, सरावानंतर फुटाणे आणि गूळ देतो. हे खोटं नव्हतं. ते मी माझ्या घरून नेत असे.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, भल्या होत्या पण कागदाला घाबरणाऱ्या. चाचणी घेऊन तिला पाचवीत बसवायला त्या तयार झाल्या. अडलं ते जन्मतारखेशी. आमचा संघ चौदा वर्षांच्या आतला. आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. प्रवेशाचा अर्ज मीच भरला, पालाबाहेर, दगडाच्या ढिगावर बसून.

"जन्म कधीचा?" मी विचारलं.

येल्लय्यानं बायकोला तेलुगूत काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "मोट्ट्या दुष्काळातली. सुकडीच्या वर्साची."

बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सुकडी सांगावी लागणार नाही. दुष्काळी कामांवर पोराबाळांना वाटायचे ते गोडसर कोरडं पीठ.

"तेव्हा ही पोटात होती ना?" मी विचारलं. आज आठवलं की कळतं, तो प्रश्न नव्हता. उत्तरच मी त्याच्या पुढे धरलं होतं. पोटात असेल तर पोरगी चौदाच्या आत बसत होती. जन्मलेली असेल तर बाहेर.

"पोटात न्हाई," तो म्हणाला. "कडेवर होती. सुकडी खायची. खाऊन खाऊन हगवण लागली होती, मरता मरता राहिली."

मी पेन हातात धरून बसले. समोर नरसू एका पायावर उड्या मारत होती. मग मी अर्जावर दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची एक जून लिहिली. तेव्हा निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनलाच असायचा, मास्तरांच्या सोयीनं. अर्जाच्या खाली छापलेलं होतं, 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.' त्यावर येल्लय्याचा अंगठा घेतला. त्यानं विचारलंही नाही काय लिहिलंय. शाई पुसायला मी माझा रुमाल दिला, तो त्यानं घेतला नाही. धोतरालाच बोट पुसलं.

नरसूला संघात घ्यायचं म्हणजे कुणाला तरी काढायचं. मी शोभाला काढलं. शोभा ही महालिंगअप्पांची मुलगी. अप्पांचं मोंढ्यात आडतीचं दुकान, कपाळावर विभूती, शाळेच्या समितीवर वजन. शोभा वाईट खेळत नव्हती. पण तिच्याकडे बूट होते, घरी विहीर होती, आजारी पडली तर नांदेडचा डॉक्टर होता. मला वाटलं, हिचं काय बिघडणार आहे? मुलीनं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सरावाला येऊन रेघेबाहेर बसू लागली. पाण्याचा तांब्या भरून आणायची. घरच्या विहिरीचं पाणी होतं ते. मी कधी तिला त्याबद्दल शाबास म्हटलं नाही. ज्यांच्या बाजूनं आधीच कुणीतरी असतं अशी माणसं माझ्या नजरेत भरतच नसत.

लातूरच्या जिल्हा सामन्यांत नरसूचं नाव पुकारलं तेव्हा लोक हसले. 'नरसम्मा येल्लय्या' असं लाउडस्पीकरवरून आलं, आणि कुणीतरी ओरडलं, "आंध्राचा संघ आला का रे!" अंतिम सामना शहरातल्या एका मोठ्या शाळेबरोबर होता. शेवटच्या डावात आमच्या सगळ्या पोरी बाद झाल्या, नरसू एकटी उरली. अजून दीड मिनिट काढायचं होतं. दीड मिनिट म्हणजे तुम्हाला काही वाटणार नाही. नऊजणी मागे लागल्या असताना दीड मिनिट म्हणजे आख्खी दुपार.

ती रांगेतून अशी पळाली की खो द्यायचा कुणाला हे समोरच्यांना कळेना. खांबापाशी एकीनं सूर मारला, तिचं बोट नरसूच्या झग्याला लागलं असं सगळ्यांना वाटलं. पंचानं मान हलवली. नाही. मघाशी हसणारेच लोक आता उभे राहून ओरडत होते, "पळ गं पोरी! पळ!" शहरातल्या शाळेची स्वतःची पोरंसुद्धा ओरडत होती. सगळं मैदान तिच्या बाजूचं झालं होतं. शिट्टी वाजली आणि मी धावत जाऊन तिला उचललं. पाणी द्यायला सोबत आलेली शोभा आणि बाकीच्या पोरी आम्हाला येऊन बिलगल्या. नरसूच्या पायातून रक्त येत होतं. ती मला म्हणाली, "बाई, झालं का? थांबू का आता?"

विभागाचे सामने नांदेडला होते. आम्ही निघायच्या दोन दिवस आधी लातूरहून क्रीडा अधिकारी आले. एक निनावी अर्ज आला होता, की ही पोरगी वयानं मोठी आहे. मला पहिला संशय महालिंगअप्पांचा आला, आणि त्या संशयात मला एक प्रकारचं सुखच वाटलं. गरिबाच्या पोरीविरुद्ध पैसेवाला, म्हणजे सगळं माझ्या मनासारखं जुळत होतं. चौकशीला समितीच्या वतीनं अप्पाच येऊन बसले, तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी झाली. साहेब खुर्चीत, अप्पा बाजूला, मी उभी. येल्लय्याला कामावरून बोलावून आणलं होतं. तो दारातच बसला, आत यायला तयार नव्हता. नरसू बाहेर व्हरांड्यात होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

साहेबांनी विचारलं, "पोरगी कधीची?"

"सुकडीच्या वर्साची, साहेब."

"म्हणजे? तेव्हा जन्मली होती की नव्हती?"

"जन्मली होती की. कडेवर होती. सुकडी खायची."

साहेबांनी प्रवेशाचा अर्ज पुढे धरला. "मग इथं हे कसं लिहिलंय? खाली अंगठा तुमचाच आहे ना?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, अक्षर तुमचं आहे. तुम्हाला यांनी काय सांगितलं होतं?"

खोटी जन्मतारीख लिहिली असं सिद्ध झालं असतं तर माझी नोकरी गेली असती. निदान चौकशी लागली असती. माझे यजमान आजारी होते, दोन लेकरं शिकत होती. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं असं म्हणायला आवडलं असतं. पण मी काहीच मोजलं नाही. तोंडातून आपोआप आलं.

"मला यांनी पोटात होती असं सांगितलं."

येल्लय्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काहीतरी समजून घेतोय तसं बघितलं. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "हाव साहेब. तसंच म्हनलो असेन मी. तवा पोटात म्हनलो, आता कडेवर म्हनून राहिलो. आडानी मानूस. बाई कशाला खोटं बोलतील?"

"दोन वेळा दोन बोलतो होय रे!" साहेब कडाडले. त्यांनी त्याला बरंच काही ऐकवलं. सरकारला फसवतोस, पोरीला शिकवायला दिलं तर असं करतोस. तो हात जोडून ऐकत राहिला. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले. नव्या जिल्ह्याचा नकाशा होता, हद्दीची रेघ ताज्या लाल शाईची.

आमचं विजेतेपद गेलं. दुसऱ्या क्रमांकाची शाळा नांदेडला गेली. नरसूचं नाव पटावरून कमी झालं. पोरी रडल्या आणि मग रडण्याचा राग झाला. "तिच्यामुळं गेलं, बाई. तिच्या बापानं खोटं सांगितलं." मी म्हणाले, "जाऊ द्या." यापलीकडे मी एक शब्द बोलले नाही. तो शब्द कुणाच्या बाजूनं होता, हे त्यांना कळलं नाही. मला कळत होतं.

चार दिवसांनी महालिंगअप्पा मैदानावर आले. चप्पल काढून रेघेबाहेर उभे राहिले, जणू मैदान म्हणजे देऊळ आहे.

"बाई, तो निनावी अर्ज आमच्याकडून गेला नाही," ते म्हणाले. "कुणाकडून गेला माहीत नाही, विचारूही नका."

"मी कुठं काय म्हणाले?"

"म्हणाला नाहीत. बघत होतात." मग ते म्हणाले, "माझ्या शोभाला तुम्ही बाहेर बसवलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. ती पोरगी खरंच चांगली पळते. पण त्या माणसाला तुम्ही असं करायला नको होतं. पहिल्यांदा बोलला ते खरं होतं. आडतीवर बसून मला एवढं कळतं."

त्यांनी चप्पल घातली आणि गेले. ही गोष्ट त्यांनी पुढे कधी कुणाजवळ काढली नाही. त्यांचे उपकार माझ्यावर राहिले, आणि ज्या माणसाबद्दल मी मनात नाही नाही ते बोलले होते त्याचे उपकार घेणं किती अवघड असतं ते तेव्हा समजलं.

पालांवर जायला मला तीन आठवडे लागले. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी काम निघायचं. गेले तेव्हा खडीचा ढीग तेवढा होता. सगळी माणसं उठून गेली होती. एकच म्हातारी पाल सोडत होती. तिला नरसूचं विचारलं.

"लग्न लावलं की तिचं. परवाच. तिकडं गावाकडं नेऊन."

"लग्न? एवढ्यात?"

"एवढ्यात कशी?" म्हातारी मलाच समजावत म्हणाली. "साहेबच म्हनला न्हाई का, पोरगी मोट्टी झाली म्हनून. कागदावर लिहिलं म्हनं. मग काय ठेवायचं घरात?"

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. पण निवड करताना माझा हात बदलला. जी जास्त पळेल तिचं नाव, संपलं. कोण कुठून आली, तिच्या पायात बूट आहेत की नाहीत, बघायचंच नाही असं ठरवलं. निरोप समारंभात सगळ्या वक्त्यांनी सांगितलं की बाई अगदी निःपक्षपाती होत्या. मी हार घालून घेतला आणि खाली बसले. आपण हरणाऱ्याची बाजू घेतो तेव्हा ती जिंकली तर मोठेपणा आपला, आणि हरली तर ती हरणारच होती. यात आपलं काहीच पणाला लागलेलं नसतं. ज्या दिवशी ते लागलं, त्या दिवशी मी कुठं उभी राहिले ते सांगून झालं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे नांदेडला होते. तिच्या घरासमोर इमारतीचं काम चाललं होतं. सकाळी फाटकाशी उभी होते तर डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई थांबली. केस अर्धे पांढरे, पुढचा एक दात नाही.

"तुमी अहमदपूरच्या पी.टी.च्या बाई न्हवं?"

मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं तेव्हा मी फाटक उघडून बाहेर आले. ती आनंदानं बोलत होती. तीन लेकरं आहेत, थोरल्या मुलीचं लग्न झालं, नवरा नाही आता. लातूरच्या मैदानाचं तिला सगळं आठवत होतं. लोक कसे ओरडत होते, खांबापाशी त्या पोरीचं बोट झग्याला कसं लागता लागता राहिलं. "लागलं होतं बाई," ती हळूच म्हणाली आणि हसली. "पंचाला दिसलं न्हाई."

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "नरसू, त्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत तुझे वडील खरं बोलत होते. खोटं मी बोलले."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "वाटंतच सांगितलं त्यानं. मी रडाय लागले तर म्हनला, बाईची नोकरी हाय गं, तिला हितंच ऱ्हायचंय. आपलं काय, आपन उद्या दुसऱ्या गावाला."

"कुठं असतात ते?"

"गेला की. लई वर्सं झाली. छातीत भुकटी बसली होती दगडाची."

वरून मुकादम तिच्या नावानं ओरडला. तिनं घमेलं सारखं केलं. मी घाईघाईनं म्हणाले, "मला माफ कर गं."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या हातात नसलेली वस्तू कुणी मागितली की माणूस ओशाळतो, तशी ती ओशाळली.

"मी कशी करू, बाई?" ती म्हणाली. "हात त्यानं जोडले होते."